बेटावरचं झाड आणि सालीखालचा भुंगा

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

 भाकऱ्या उरकून बसलेल्यांना, आणि अजून चुलीपुढेच असलेल्यांनाही नमस्कार. हात कामात असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत ते एका लांबच्या बेटावरच्या झाडाबद्दल. तुम्ही म्हणाल, आमच्या वाडीतली झाडं सांभाळताना दम निघतो, त्यात बेटावरचं झाड कशाला? पण आधी ही गोष्ट आमच्यापर्यंत कशी आली ते सांगतो.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागातली कुठलीच बाई विसरणार नाही. आमच्या गटातल्या प्रत्येकीच्या घरचं काही ना काही पडलं. कुणाच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, कुणाचे माड, कुणाची आजेसासऱ्यांनी लावलेली आंब्याची कलमं. पडलेलं लाकूड उचलायला माणसं मिळत नव्हती. काहींनी ते वाडीतच कडेला ढकलून ठेवलं. आम्हीही ठेवलं. कुजेल तेव्हा कुजेल, जळणाला होईल, असं म्हटलं. पुढे वर्षा-दोन वर्षांत जे माड वादळातून वाचले होते त्यांचे शेंडे कातरल्यासारखे दिसू लागले. वादळाने जे ठेवलं ते भुंग्याने घेतलं.

तेव्हा गटातल्या एकीची मुलगी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी, आम्हाला म्हणाली, "मावशी, अगदी असंच अमेरिकेत एका झाडाचं झालं होतं. आणि ते झाड साऱ्या जगात दोनच ठिकाणी आहे." तिने सांगितलेली ती गोष्ट आम्ही नीट समजून घेतली. आज ती तुमच्यापुढे ठेवतो.

झाडाचं नाव टोरी पाइन. पाइन म्हणजे सूचिपर्णी झाड, हिमालयातल्या चिडाच्या जातीतलं. आपल्या कोकणात ते नाही. किनाऱ्यावरचं सुरूचं बन डोळ्यांपुढे आणलंत तर थोडी कल्पना येईल, पण सुरू त्या कुळातला नव्हे, नुसता दिसायला तसा. टोरी पाइनच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात आणि वीतभर लांब असतात. समुद्रावरून धुकं आलं की त्या सुयांवर थेंब जमतात आणि खाली मुळाशी गळतात. पाऊस थोडा पडणाऱ्या त्या मुलखात हे झाड असं धुक्याचं पाणी पिऊन जगतं. त्याच्या बिया खायच्या असतात. तिथले मूळचे लोक, किनाऱ्यावरचे कुमेयाय आणि बेटांवरचे चुमाश, त्या गोळा करून खात असत.

हे झाड रानात कुठे उगवतं? अमेरिकेच्या पश्चिमेला कॅलिफोर्निया राज्य आहे. तिथे सॅन दिएगो शहराजवळ समुद्राकाठच्या कड्यांवर एक बन. आणि तिथून वायव्येला, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब, समुद्रात सांता रोझा नावाचं बेट आहे, त्या बेटावर दुसरं. झालं. तिसरं ठिकाण नाही. दोन्हीकडची मिळून झाडं काही हजारच. आपल्या एखाद्या मोठ्या बागायतदाराच्या कलमांची मोजणी केली तरी याच्याशी बरोबरी होईल, आणि इथे तर एका जातीचा सगळा संसार तेवढ्यात आहे.

किनाऱ्यावरचं बन वाचलं त्यात एका बाईचा मोठा हात आहे. १८९९ मध्ये सॅन दिएगो शहराने त्यातली काही जमीन राखून ठेवली होती. पण उत्तम झाडं त्या जमिनीच्या बाहेरही होती आणि ती जागा विकली जाण्याची भीती होती. तेव्हा एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाईंनी, ज्यांचं आयुष्य वर्तमानपत्राच्या कामात गेलं होतं, स्वतःच्या पैशांनी ती जमीन विकत घेतली, ती झाडांसाठी राखून ठेवली, आणि पुढे राखणीला माणूसही नेमला. जमीन बाईच्या नावावर असली की काय होऊ शकतं, याचंही हे उदाहरण आहे. आपल्या सातबाऱ्यावर नाव लावायच्या बैठकीत आम्ही ते सांगणार आहोत.

जमीन राखली, कुंपण घातलं, राखणदार ठेवला. पण कुंपणाला न जुमानणारा एक शत्रू होता.

तो शत्रू म्हणजे एक भुंगा. लांबीला चार-साडेचार मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. रंग तपकिरी काळा. पाठीमागे दोन्ही बाजूंना पाच-पाच बारीक काटे असतात, म्हणून त्याला पाच काट्यांचा म्हणतात. तो बाहेरून आलेला नाही, कॅलिफोर्नियाचाच आहे. एरवी पडलेल्या फांद्या, मोडलेले शेंडे, आजारी झाडं यांच्यावर जगतो. त्याचं कामच ते. रानाची झाडलोट करणारा म्हणा हवं तर.

त्याची रीत अशी. आधी नर येतो. सालीला भोक पाडून आत शिरतो आणि साल व लाकूड यांच्यामध्ये एक लहानशी खोली कोरतो. मग एक वास सोडतो. तो वास म्हणजे बोलावणं: या, इथे जागा आहे, खायला आहे. वासावर माद्या येतात. एकेका नराच्या खोलीत दोन-तीन माद्या. प्रत्येक मादी त्या खोलीपासून स्वतःचं बीळ कोरत जाते आणि कडेला अंडी घालते. अळ्या निघाल्या की त्या सालीच्या आतला मऊ थर खातात. मैत्रिणींनो, झाडाचं अन्न त्याच थरातून पानांकडून मुळांकडे जातं. तो थर चारी बाजूंनी खाल्ला गेला की झाडाचा गळा आवळल्यासारखं होतं. वर भुंग्यांच्या अंगावरून एक बुरशी आत येते, ती लाकडात पसरून पाणी वर चढू देत नाही. खालून पाणी बंद, वरून अन्न बंद. काही आठवड्यांत हिरव्या सुया पिवळ्या, मग तांबूस होतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं झाड उन्हाने करपलं. जवळ जाऊन बघितलं तर बुंध्यावर तांबूस भुस्सा सांडलेला असतो.

मग धडधाकट झाड काय करतं? त्याच्याकडे राळ असते. भुंग्याने भोक पाडलं की झाड तिथे चिकट राळ ओततं आणि भुंग्याला त्यात बुडवून बाहेर ढकलतं. थोडे भुंगे आले तर झाड जिंकतं. पण दोन वेळा ते हरतं. एक, पाऊस नसला की. पाणी नाही तर राळ नाही. बाळंतिणीच्या अंगात रक्तच नसेल तर ताप कसा झेपणार, तसंच ते. आणि दुसरं, भुंगेच हजारोंनी आले की.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला सॅन दिएगोच्या बनात या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. वादळी वाऱ्याने काही झाडं पडली. पडलेल्या ओल्या लाकडात भुंग्यांची वीण झाली. त्यातच ओळीने दुष्काळी वर्षं आली. पडलेलं लाकूड संपल्यावर भुंग्यांच्या झुंडी उभ्या झाडांकडे वळल्या, आणि तहानलेल्या झाडांपाशी त्यांना थोपवायला राळ नव्हती. एक झाड मेलं की त्यातून हजारो नवे भुंगे निघत, ते शेजारच्या झाडावर. असं करत त्या राखीव बनातली जवळजवळ १२ टक्के झाडं गेली. शंभरातली बारा. काही हजारांचाच सगळा संसार असलेल्या झाडाला हा घाव केवढा, ते आपल्याला सांगायला नको.

आता याला जोड आणखी एका गोष्टीची. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी टोरी पाइनचा एक अभ्यास छापला. झाडांच्या आनुवंशिक गुणांची ५९ ठिकाणं तपासली. किनाऱ्यावरची सगळी झाडं त्या तपासणीत एकमेकांसारखी निघाली, जणू एकाच साच्यातून काढलेली. बेटावरचीही तशीच एकमेकांसारखी. बेट आणि किनारा यांच्यात फरक निघाला तो फक्त दोन ठिकाणी. याचा अर्थ काय? आपल्या हापूसच्या बागेत सगळी कलमं एकाच वाणाची असतात, त्यामुळे मोहोरावर रोग आला की एकही कलम त्याला चुकत नाही. बाजूला रायवळ असला तर एखादा तगतो. टोरी पाइनमध्ये असा रायवळ नाही. जे एकाला मारतं ते सगळ्यांना मारू शकतं. म्हणून तर बेटावरचं बन इतकं मोलाचं. किनारा गेला तर उरतं ते तेवढंच. आणि बेटावरच्या झाडांना भुंगा लागला तर त्यांना मागे सरकायला जागा नाही, चारी बाजूंनी पाणी.

मग किनाऱ्यावरच्या लोकांनी काय केलं? सगळं रान विषाने फवारायचं त्यांनी टाळलं. त्यांनी भुंग्याचीच भाषा वापरली. भुंगा वासाने बोलावतो ना, तोच वास तयार करून सापळ्यांत ठेवला. एकाखाली एक काळी नरसाळी टांगलेली, खाली डबा. बोलावणं आलं समजून भुंगे येत आणि घसरून डब्यात पडत. हे सापळे लावले मेलेल्या झाडांच्या बाजूला. आणि जिवंत झाडांच्या बाजूला उलटा वास ठेवला. झाड भुंग्यांनी भरलं की ते दुसराच वास सोडतात, त्याचा अर्थ: आता जागा नाही, पुढे जा. भरलेल्या एसटीचा कंडक्टर जसा हात हलवून सांगतो, तसा. १९९१ ते १९९३ या काळात त्या सापळ्यांत तीन लाखांहून जास्त भुंगे सापडले, आणि झाडं मरायची जवळजवळ थांबली.

भुंगा कायमचा गेला असं मात्र नाही. तो तिथलाच आहे, तो जाणार नाही. २०१२ नंतरच्या मोठ्या दुष्काळात त्याने पुन्हा डोकं वर काढलं, पुन्हा झाडं गेली, पुन्हा सापळे लागले. त्या लोकांना कळलेली गोष्ट आम्हालाही पटली. भुंगा शोधत बसण्यापेक्षा झाडाची ताकद बघा, आणि पडलेलं लाकूड बघा.

बेटावर काय केलं तेही सांगतो. सांता रोझा बेटावर बरीच वर्षं गुरं चरत होती, शिकारीसाठी आणलेली हरणंही होती. नवं रोप वर आलं की ते खाल्लं जाई नाहीतर तुडवलं जाई, आणि उतारावरची माती धुऊन जाई. बेट राष्ट्रीय उद्यानात आल्यावर १९९८ मध्ये गुरं हलवली, २०११ पर्यंत हरणंही काढली. आता रोपांना वाढायला मोकळीक आहे. म्हाताऱ्या झाडांच्या हाताखाली तरणी झाडं उभी राहिली तरच बन टिकतं. घराचं आणि रानाचं यात काही वेगळं नाही.

आता दुसऱ्या एका बेटाची गोष्ट थोडक्यात. अटलांटिक महासागरात बर्म्युडा नावाचं लहानसं बेट आहे. तिथलं स्वतःचं सूचिपर्णी झाड म्हणजे बर्म्युडा सीडर. ते मूळचं दुसरीकडे कुठलंच नाही. घरं त्याची, गलबतं त्याची, कपड्यांच्या पेट्या त्याच्या. १९४० च्या दशकात बाहेरून खवले कीड आली. ही लाकूड पोखरणारी नव्हे, रस शोषणारी. आपल्याकडे फांदीला चिकटलेले बारीक खवले दिसतात ना, त्या जातीची. पण बेटावरच्या झाडाने अशी कीड कधी पाहिलीच नव्हती. दहा वर्षांच्या आसपास तिथली ९० टक्क्यांहून जास्त झाडं वाळून गेली. हिरवं बेट करडं झालं.

त्यावर उपाय म्हणून कीड खाणारे ढालकिडे आणले. ते तिथल्या सरड्यांनी खाल्ले. मग सरडे खायला १९५७ मध्ये त्रिनिदादहून किस्काडी नावाचा पक्षी आणला. त्या पक्ष्याने सरड्यांबरोबर बेटावरच्या इतर पक्ष्यांची पिल्लं आणि अंडीही खायला सुरुवात केली, आणि तो स्वतःच एक डोकेदुखी होऊन बसला. सीडर गेल्यावर वारा अडवायला काय लावलं माहीत आहे? सुरू! तोही तिथे आता नको इतका पसरला आहे. घाईने आणलेला उपाय पुढे नवं दुखणं होतो. शेवटी आधार मिळाला तो तगून राहिलेल्या मूठभर सीडरांचाच. त्यांच्या बिया घेऊन रोपं केली, आणि माणसांनी वर्षानुवर्षं ती हाताने लावली.

मैत्रिणींनो, आता पुन्हा आपल्या वाडीत येऊया.

टोरी पाइनचा भुंगा आपल्याकडे नाही. पण त्याचे भाऊबंद आहेत. आंब्याच्या खोडातलं भिरूड तुम्ही पाहिलंच आहे. बुंध्याला भोक आणि खाली भुस्सा. काजूत तीच तऱ्हा, फक्त ती अळी बुंध्याच्या तळाशी आणि मुळांत शिरते, म्हणून वरून लवकर कळत नाही. माडावर गेंड्या भुंगा येतो, तो कोवळा शेंडा कुरतडतो आणि झाप उघडला की कात्रीने कापल्यासारखा दिसतो. आणि सोंड्या भुंगा, तो सगळ्यात वाईट. त्याच्या अळ्या माडाच्या आत असतात. खोडातून तपकिरी चीक गळताना दिसतो तोपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

आमच्या गटाने दोन बैठका घेऊन काय ठरवलं ते सांगतो.

पहिलं, पडलेलं लाकूड. पडलेला माड वाडीत कुजू द्यायचा नाही. कुजलेल्या खोडात आणि उकिरड्यात गेंड्या भुंग्याची वीण होते. खोड फोडायचं, वाळवायचं, जळणाला आधी तेच काढायचं. उकिरडा उपसताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की वेचून मारायच्या. कोंबड्या असतील तर त्यांना सोडा, त्या आपलं काम चोख करतात.

दुसरं, जखम. सोंड्या भुंगा जखमेवर अंडी घालतो. म्हणून माडावर चढायला खोडात खाचा पाडायच्या नाहीत. घरच्या पुरुषांना हे सांगताना थोडी कुरबुर होईल. आमच्याकडे झाली. "माझा बापूस असाच चढायचा," असं उत्तर मिळालं. आम्ही म्हटलं, बापसाच्या वेळी दर पावसाळ्याला माड मरत नव्हते.

तिसरं, भुस्सा. महिन्यातून एकदा प्रत्येक आंब्याच्या आणि काजूच्या बुंध्याशी वाकून बघायचं. ताजा भुस्सा दिसला तर भोकात तारेचा आकडा घालून अळी ओढून काढायची आणि भोक ओल्या मातीने लिंपायचं. हे काम लवकर केलं तर दहा मिनिटांचं आहे. उशिरा केलं तर कुऱ्हाडीचं.

चौथं, सापळे. माडाच्या भुंग्यांसाठी कामगंध सापळे आपल्याकडेही मिळतात, तत्त्व तेच, वासाचं बोलावणं. पण इथे एक मेख आहे. एकटीने एका वाडीत सापळा लावला तर शेजारणीच्या वाडीतले भुंगेही आपल्याकडे चालत येतात, आणि वाटेत एखाद्या माडावर थांबतात. म्हणून सापळा अगदी माडाच्या अंगाला लावायचा नाही, आणि एकटीने लावायचा नाही. सगळ्या वाडीने एकदम लावायचा. आम्ही गटाच्या पैशांतून सापळे घेतले, पाळी लावून डबे रिकामे करतो. पाण्यात पडलेले भुंगे मोजून वहीत लिहितो. हप्त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर आता भुंग्यांचा हिशेब आहे.

आणि पाचवं, लाकडाचा प्रवास. साल असलेलं लाकूड एका गावाहून दुसऱ्या गावाला नेलं की आतली कीडही फुकट प्रवास करते. जगभर म्हणून नियम केला आहे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांचं लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, किंवा त्याच्या जोडीचा ठरलेला दुसरा उपचार करायचा, आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. कुठे असं लाकडी खोकं दिसलं तर मुलांना तो शिक्का शोधायला सांगा. एवढ्या मोठ्या व्यापारात जर लाकडातल्या किड्याची धास्ती घेतात, तर आपण किडलेलं जळण लांबून कशाला आणायचं?

टोरी पाइनची ती मूठभर झाडं आम्ही कधी बघणार नाही. बेट तर लांबच राहिलं. पण तिथल्या लोकांनी मेलेलं झाड बघून हात टेकले नाहीत, आणि घाबरून भलतं काही केलंही नाही. त्यांनी बुंध्याशी वाकून बघितलं की मारणारा कोण, कुठून आला, कशावर वाढला. आपल्याला तेवढं नक्की जमेल.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. उद्या सकाळी पाणी भरून झालं की वाडीत जा आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाकून बघा. भुस्सा दिसला तर गटाच्या बैठकीत सांगा. नसेल दिसला तरी सांगा, म्हणजे वहीत तेही लिहिता येईल.